प्लेटलेट्सच्या पिशवीतल्या पांढऱ्या पेशी

पावसाळा सरत आला की नाशिकच्या रक्तपेढ्यांत डेंग्यूमुळे प्लेटलेट्सची मागणी वाढते. नातेवाईक विचारतात ते एकच, किती पिशव्या मिळतील? त्या पिशवीत पांढऱ्या पेशी किती आल्यात, हे सहसा कुणी विचारत नाही.

प्लेटलेट्स २० ते २४ अंशांवर सतत हलवत ठेवतात. त्या उबेत पांढऱ्या पेशी सायटोकाइन, म्हणजे ताप आणणारी प्रथिनं, सोडत राहतात आणि रक्त चढताना रुग्णाला हुडहुडी भरून ताप येतो. डेंग्यूच्या रुग्णाचं एवढ्यावर निभावतं. ल्युकेमियाच्या रुग्णाला पिशव्या वारंवार लागतात; त्याचं शरीर या पेशींवरच्या एचएलए खुणांविरुद्ध (शरीर आपलं-परकं ओळखतं त्या खुणा) प्रतिपिंडं तयार करतं आणि मग कितीही चढवलं तरी प्लेटलेट्सचा काउंट हलत नाही. १९९७च्या 'ट्रॅप' या रुग्णांवरच्या अभ्यासात साध्या प्लेटलेट्स घेणाऱ्या ४५ टक्के रुग्णांत अशी प्रतिपिंडं सापडली, फिल्टर केलेल्या घेणाऱ्यांत १७-१८ टक्के.

खरी मेख सेंट्रिफ्यूजपाशी, म्हणजे रक्त गरगर फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रापाशी आहे. पहिल्या हलक्या स्पिननंतर तांबड्या पेशी तळाला बसतात, वर प्लेटलेट्सचा प्लाझ्मा आणि मधे पांढुरका थर, बफी कोट. यंत्र ब्रेक न लावता थांबू द्यायचं, पिशवी धक्का न देता एक्सप्रेसरवर (वरचा प्लाझ्मा दाबून दुसऱ्या पिशवीत ढकलणारं साधन) ठेवायची आणि थराच्या वर साधारण एक सेंटीमीटर प्लाझ्मा राहिला की क्लिप लावायची. 'अजून थोडं घेऊ' म्हटलं की थर ढवळून वर आलाच! या पद्धतीच्या पिशवीत एक ते दहा कोटी पांढऱ्या पेशी राहतात. बफी कोट पद्धतीत, म्हणजे आधी तो पांढुरका थरच वेगळा काढून त्यातून प्लेटलेट्स घेतल्या तर, साधारण दहापट कमी.

अमेरिकेत एका डोसला ५० लाख पांढऱ्या पेशींची मर्यादा आहे, युरोपात १० लाखांची. तिथवर नेतो तो फिल्टर. तो प्लेटलेट्ससाठीचाच हवा. तांबड्या पेशींचा लावला तर प्लेटलेट्सही त्यातच अडकतात. हवा अडकून धार थांबली की पिशवी पिळायचा मोह होतो, पण दाबाने पेशी निसटतात. गाळायचं साठवणीआधी, कारण रुग्णाच्या खाटेशी लावलेला फिल्टर आधीच सुटलेलं सायटोकाइन अडवत नाही. तपासणीलाही नेहमीचा सेल काउंटर चालत नाही, इतक्या विरळ पेशी त्याला नीट मोजता येत नाहीत. नागोट चेंबर (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायची खास काच) किंवा फ्लो सायटोमीटर (लेझरने एकेक पेशी मोजणारं यंत्र) लागतो.

आणि सख्ख्या भावाच्या प्लेटलेट्स असतील, तर फिल्टर असूनही पिशवीला २५ ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) किरणोत्सर्ग द्यावाच लागतो. नात्यातल्या पेशी शरीराला परक्या वाटत नाहीत; उरलेल्या मोजक्या लिम्फोसाइट्स (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) रुग्णाच्या शरीरात रुजल्या, तर त्या त्याच्यावरच उलटू शकतात.