फोन उत्तम चालतो, मग फॅक्सच का अडतो?

ऑफिसातलं मल्टिफंक्शन मशीन, म्हणजे प्रिंट, स्कॅन आणि फॅक्स सगळं एकत्र करणारं, फॅक्स पाठवेनासं झालं की पहिला प्रयोग ठरलेला असतो. त्याच लाइनला साधा फोन जोडायचा, कुणाला तरी लावायचा आणि आवाज स्वच्छ आला की निकाल द्यायचा: लाइन ठीक आहे, मशीन बिघडलंय. हा निकाल पुष्कळदा चुकतो. तो का चुकतो हे कळलं, की मशीनच्या मेनूतल्या निम्म्या अगम्य सेटिंगचा उलगडा होतो.

तारेवरून चित्र पाठवायची कल्पना टेलिफोनहून जुनी. अलेक्झांडर बेन यांनी तिचं पेटंट १८४३ साली घेतलं, टेलिफोनचं पेटंट आलं १८७६ मध्ये. पण आज सगळीकडे चालते ती ‘ग्रूप ३’ पद्धत १९८० साली ठरली आणि ती माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेल्या लाइनवर, म्हणजे साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात, बसवलेली आहे. पानावरची प्रत्येक काळी-पांढरी रेघ त्या पट्ट्यातला आवाज होऊनच जाते.

कॉल लागला की पाठवणारं मशीन ११०० हर्ट्झचा अर्ध्या सेकंदाचा सूर तीन-तीन सेकंद थांबून देत राहतं. पलीकडचं मशीन २१०० हर्ट्झचा लांब सूर काढून ओ देतं. मग सेकंदाला ३०० बिट (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक एक) इतक्या संथ वेगाने ओळखपाळख होते: मला कोणकोणते वेग जमतात, कागद केवढा आहे, वगैरे. यात फक्त दोन सूर आलटून पालटून वाजतात, त्यामुळे हा भाग खराब लाइनवरही निभावतो. खरी परीक्षा पुढे. ठरलेल्या वेगाने पाठवणारं मशीन दीड सेकंद नुसती शून्यं पाठवतं. ती शून्यंच म्हणून पोचली तर पान सुटतं, नाहीतर वेग उतरवून पुन्हा परीक्षा. सेकंदाला १४,४०० बिटांवरून १२,०००, ९,६००, ७,२०० असं करत अगदी २,४०० पर्यंत. कॉल लागतो, किंचाळ्या ऐकू येतात आणि तरी ‘कम्युनिकेशन एरर’ छापून येतो, तेव्हा गाडी बहुधा या परीक्षेत नाहीतर त्यानंतर पानात अडलेली असते.

आता या सगळ्यातला सर्वांत देखणा भाग. १४,४०० चा वेग दोन सुरांनी गाठता येत नाही. तिथे १८०० हर्ट्झची एकच लहर घेतात आणि सेकंदाला २,४०० वेळा तिची उंची आणि कला बदलतात. कला म्हणजे लहर आपल्या चक्रात नेमकी कुठे आहे ते. उंची आणि कला यांच्या मिळून १२८ वेगवेगळ्या जोड्या ठरवलेल्या असतात. १२८ म्हणजे सात बिट. त्यातला एक बिट चुका सावरायला राखीव, उरले सहा, आणि सहा गुणिले २,४०० म्हणजे बरोबर १४,४००. या १२८ जागा एकमेकींना इतक्या खेटून असतात की कलेत जरासा धक्का बसला तरी एक जागा शेजारची वाटते. वेग ९,६०० वर आणला की जागा ३२ किंवा १६ च उरतात, त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि धक्के पचतात. ‘वेग कमी करून बघा’ या सल्ल्यामागे एवढं गणित आहे.

हे धक्के येतात कुठून? आजच्या बहुतेक लाइनी वाटेत कुठेतरी इंटरनेटवरून जातात. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करून ते पॅकेटमधून पाठवले जातात. एखादं पॅकेट हरवलं तर पलीकडची, पॅकेटचा पुन्हा आवाज करणारी पेटी आधीचाच आवाज किंचित ताणून ती फट बुजवते. आपल्याला पत्ता लागत नाही, कारण कलेतला बदल कान फारसा टिपत नाही. मॉडेमच्या, म्हणजे मशीनमधल्या बिटांचा आवाज आणि आवाजाचे बिट करणाऱ्या भागाच्या, लेखी मात्र २० मिलिसेकंद म्हणजे ४८ बदल, म्हणजे २८८ बिट, आणि त्या जागी आता बनावट माल आलेला असतो. त्यात जी.७२९ सारखं कॉम्प्रेशन असेल तर आशाच सोडा. ते सेकंदाला अवघे ८,००० बिट वापरून माणसाच्या स्वरमार्गाची नक्कल उभी करतं, आणि मॉडेमची किंचाळी कुठल्याच गळ्यातून निघत नाही. जी.७११ हे साधं कोडिंग ६४,००० बिट घेतं, ते त्यातल्या त्यात बरं. या दुखण्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या टेलिफोन वायरी विकणारेही भेटतात. पॅकेट भलतीकडेच हरवत असताना मशीनपासून भिंतीपर्यंतच्या दोन मीटर तारेने काय होणार? आणि घाई असली की मशीन मुद्दाम अडतं, या समजाला आधार आपल्याच स्मरणशक्तीचा. निवांत दिवशी फसलेला फॅक्स कोण लक्षात ठेवतो?

यावरचं खरं औषध टी.३८ ही इंटरनेटवरून फॅक्स नेण्याची पद्धत. त्यात लाइनच्या टोकाची पेटी मॉडेमचा आवाज पुन्हा बिटमध्ये उलगडते, ते बिट पॅकेटमधून पाठवते, हवं तर मागच्या पॅकेटातला मजकूर पुढच्यातही भरते, आणि पलीकडे नव्याने आवाज तयार होतो. मात्र टी.३८ च्या जुन्या आवृत्त्यांना ३३,६०० वेगाचा ‘सुपर जी३’ हा फॅक्सचा जलद प्रकार पेलत नाही. म्हणून मशीनवर तो बंद करायचा.

चुका सावरणारा ईसीएम हे दुधारी प्रकरण आहे. तो चालू असताना पान २५६ बाइटच्या तुकड्यांत जातं आणि खराब निघालेले तुकडे पुन्हा मागवले जातात. लाइन सतत गळत असेल तर ही मागणी संपत नाही आणि शेवटी कॉल तुटतो. ईसीएम बंद केला तर पान पोचतं, पण अधूनमधून एखादी रेघ फाटते. पत्राला चालेल, आकड्यांच्या तक्त्याला अजिबात नाही. यातलं काय घडतंय याचा अंदाज बांधत बसू नये. बऱ्याच मशीनवर प्रोटोकॉल ट्रेस, म्हणजे दोन मशीनमधल्या संवादाची नोंद, छापता येतो. त्यात ‘एफटीटी’ वारंवार दिसलं तर परीक्षा नापास, ‘पीपीआर’ दिसलं तर तुकडे परत मागवले जाताहेत.

नेटवर्कच्या तक्रारी मानाने सोप्या. राउटर बंद-चालू झाल्यावर प्रिंट थांबलं, तर मशीनला बहुधा नवा आयपी पत्ता मिळालाय आणि कॉम्प्युटर जुन्यावरच धाडतोय. राउटरमध्ये पत्ता राखून ठेवा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला कुणी पत्ता दिलेलाच नाही, त्याने तो स्वतःच घेतलाय. केबल आणि राउटर तपासा. प्रिंट होतं पण स्कॅन फोल्डरमध्ये जात नाही, असं जुन्या मशीनवर झालं तर संशयित एसएमबी१, ही नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची जुनी पद्धत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच्याच भगदाडातून पसरला, आणि त्याच वर्षीपासून नव्या विंडोजमध्ये एसएमबी१ मुळात बसवलेलाच नसतो. तो परत चालू करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका, आधी मशीनचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करून बघा. ईमेलवर स्कॅन जात नसेल तर पासवर्डच्या मागे लागण्याआधी मशीनचं घड्याळ पाहा. ते काही वर्षं मागे गेलेलं असेल, तर मेल सर्व्हरचं आजचं प्रमाणपत्र (त्याची ओळख पटवणारा, ठरावीक मुदतीचा डिजिटल दाखला) मशीनच्या हिशेबात अजून लागूच झालेलं नसतं.