लॉ जर्नलची लेखन स्पर्धा: अर्ज कुठं अडतो ते आधी बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची हुशार पोरं लॉ जर्नलच्या एडिटोरियल बोर्डात (संपादक मंडळात) जायला अर्ज करतात, त्यासाठीची लेखन स्पर्धा देतात आणि पहिल्याच चाळणीत बाहेर पडतात. मराठी मीडियममधून आलो, इंग्लिश कच्चं, म्हणून झालं असं त्यांना वाटतं. मी बघितलेले बहुतेक अर्ज इंग्लिशमुळे नाही, नियम नीट न वाचल्यामुळे गेलेत.

आधी जर्नल कुणाचं ते बघा. 'नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया रिव्ह्यू' बंगळुरूच्या त्या लॉ स्कूलचे विद्यार्थी चालवतात. तिथं लेख पाठवणं वेगळं आणि बोर्डात जाणं वेगळं. बोर्डासाठी आपल्याच कॉलेजचं जर्नल धरा, नाहीतर बाहेरच्यांना घेतो असं नोटिशीत स्पष्ट लिहिलेलं. फायनल इयरवाल्यांना बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, तीन वर्षांच्या कोर्सवाल्यांनी हे पहिल्यांदा वाचा.

फॉर्म, फोटो, मार्क्स कार्ड यात काही अवघड नाही. अडतं ते बोनाफाईडवर. नोटीस लागली त्याच दिवशी ऑफिसात अर्ज द्या, कारण प्रिन्सिपॉल मीटिंगला, क्लार्क रजेवर, शिक्का कपाटात, असं करत आठवडा जातो आणि पोरगं रोज खानापूरहून बस धरून हेलपाटे घालतं, याचा मला खरंच राग येतो. नावाचं स्पेलिंग एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डवर एक आणि आधारवर दुसरं असेल तर फॉर्मवर कुठलं चालेल ते आधी विचारून घ्या.

आता स्पर्धा. बहुतेक वेळा कोर्टाचा एक निकाल आणि सोबत थोडं साहित्य, म्हणजे पॅकेट, देतात, त्यावर केस कमेंट (निकालावरची टिप्पणी) लिहायची. बाहेरचं वापरू नका असं लिहिलेलं असेल तर अजिबात वापरायचं नाही. आपल्याकडची पोरं इथंच घसरतात बघा, विषय केंद्र-राज्य वादाचा आला की महाराष्ट्रानं २००४ साली घटनेच्या कलम १३१ खाली थेट सुप्रीम कोर्टात टाकलेला सीमाप्रश्नाचा दावा आठवतोच. विषय जिव्हाळ्याचा आहे, मला कळतं, पण पॅकेटमध्ये नसेल तर त्या एका परिच्छेदानं अर्ज बाद होतो.

दुसरं, निकालाच्या वरची हेडनोट (थोडक्यात सारांश) कोर्टाचे शब्द म्हणून उतरवू नका, ती रिपोर्टचे संपादक लिहितात. आणि उतारा कुठल्या न्यायाधीशाचा आहे ते बघा. घटनेच्या मूलभूत चौकटीच्या केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली १३ न्यायाधीश होते, ११ वेगवेगळी निकालपत्रं, कौल ७ विरुद्ध ६, त्यामुळे अल्पमतातलं वाक्य उचलून 'कोर्टानं ठरवलं' असं लिहिलं की तपासणारा पुढं वाचतच नाही. सरावासाठी सुप्रीम कोर्टाचं ई-एससीआर (निकालांचा ऑनलाईन संग्रह) फुकट आहे, महागडा डेटाबेस लागत नाही.

तळटीपा शब्दमर्यादेत धरतात का ते विचारा, ५० शब्द जास्त झाले तरी कापतात. सायटेशनची (संदर्भ द्यायची) पद्धत सांगितलीय तीच ठेवा, अर्धी एक अर्धी दुसरी नको. फाईलवर नाव नको म्हणजे आतही नको. वर्डमध्ये प्रॉपर्टीजमध्ये लॅपटॉपवाल्याचं नाव राहतं, भावाचा लॅपटॉप घेतला असेल तर भावाचं, ते पुसा.

आणि तारीख. '१५ तारीख, रात्री १२' लिहिलेलं असेल तर ती १४ ची मध्यरात्र की १५ ची, हे मेल करून लेखी विचारा, ग्रुपवर कुणी सांगितलं म्हणून थांबू नका. आमच्याकडं लाईट आणि नेट दोन्ही नेमकं रात्रीच जातं, म्हणून आदल्या दिवशी दुपारीच पाठवा आणि पोच आलेला मेल जपून ठेवा.