टॉलरन्स आणि कंट्रोल लिमिट: पीस ओके, मग मशीन का थांबवायची?

सीएनसी लेथवर २५ मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट चालू आहे. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, ±०.०२०. लाइन इन्स्पेक्टर पाच पीस उचलतो, मायक्रोमीटर लावतो: २५.०१२, २५.००८, २५.०१३, २५.००६, २५.०११. सरासरी २५.०१०. पाचही पीस ओके. तरी कंट्रोल चार्टवर या सरासरीचा ठिपका वरच्या रेषेच्या, म्हणजे कंट्रोल लिमिटच्या, बाहेर पडतो आणि ऑपरेटर वैतागतो, "अहो साहेब, सगळे पीस टॉलरन्समध्ये आहेत, मशीन कशाला थांबवताय?"

ऑपरेटर खोटं बोलत नाही आणि चार्टही नाही. एक पिसाबद्दल बोलतोय, दुसरा मशीनबद्दल.

टॉलरन्स डिझायनर ठरवतो. शाफ्ट बेअरिंगमध्ये नीट बसावा, म्हणून व्यास किती कमी-जास्त चालेल हे तो सांगतो. पीस कुठल्या मशीनवर निघणार, रात्रपाळीला कोण असणार, याच्याशी त्या आकड्याला देणंघेणं नाही. कंट्रोल लिमिट मात्र मशीनच्याच वागण्यातून निघते. प्रोसेस स्थिरावली की पाच-पाच पिसांचे २० ते २५ गट, म्हणजे सबग्रुप, मोजायचे. समजा एकंदर सरासरी २५.००२ आली आणि सबग्रुपमधल्या मोठ्या-लहान पिसातला फरक, म्हणजे रेंज, सरासरी ०.०१० आली. पाचच्या सबग्रुपचा ठरलेला गुणांक ०.५७७. त्याने रेंजला गुणून सरासरीच्या वर-खाली रेषा मारल्या की लिमिट येते साधारण २४.९९६ ते २५.००८. या हिशेबात ड्रॉइंगवरचा ±०.०२० कुठेच आला नाही, हे लक्षात घ्या.

म्हणूनच सरासरीच्या चार्टवर टॉलरन्सच्या रेषा मारणं मला सगळ्यात घातक वाटतं, आणि ते सर्रास दिसतं. २५.०२४, २५.०१०, २५.०१५, २५.०१२, २५.०१४ हे पाच पीस घ्या. पहिला सरळ रिजेक्ट. सरासरी मात्र २५.०१५, टॉलरन्सच्या आत! ठिपका गोजिरवाणा दिसतो आणि वाईट पीस पुढच्या ऑपरेशनला निघून जातो. सरासरी मुळातच एकेका पिसापेक्षा कमी हलते, त्यामुळे पिसाची हद्द तिला लावताच येत नाही.

कंट्रोल चार्टची कल्पना वॉल्टर शूहार्ट यांची. अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या इन्स्पेक्शन इंजिनिअरिंग विभागात असताना मे १९२४ मध्ये त्यांनी एका छोट्या टिपणात ती मांडली. रेषा तीन सिग्मावर (सिग्मा म्हणजे पसाऱ्याचं माप; वरचा ०.५७७ याच हिशेबातला) ठेवण्यामागे व्यवहार होता: रेषा फार जवळ घेतल्या तर नसलेला बिघाड शोधत बसावं लागतं, फार लांब नेल्या तर असलेला बिघाड निसटतो.

आता कृती. पीस टॉलरन्सबाहेर गेला तर तो लाल क्रेटमध्ये, आणि शेवटच्या ओके तपासणीनंतर निघालेला सगळा माल होल्डवर. ठिपका फक्त कंट्रोल लिमिटबाहेर गेला असेल तर पिसांना हात लावायचा नाही, ते पुढे जाऊ द्यायचे. तपासायची ती मशीन. आपल्या शाफ्टच्या बाबतीत पहिला संशय इन्सर्टवर, म्हणजे टूलच्या बदलता येणाऱ्या कापणाऱ्या तुकड्यावर. धार झिजत गेली की बाहेरचा व्यास हळूहळू वाढतो. इन्सर्ट बदला आणि कारण चार्टवरच लिहा. कारणाचा रकाना कोरा असलेले चार्ट ऑडिटरला दाखवायला बरे, बाकी शून्य उपयोग.

उलटा प्रकारही असतो आणि तो जास्त त्रासदायक. सगळे ठिपके रेषांच्या आत, मशीन अगदी स्थिर, सरासरीही टॉलरन्सच्या मधोमध, तरी शंभरात दोन-तीन पीस टॉलरन्सबाहेर. म्हणजे मशीनचा स्वतःचा पसाराच टॉलरन्सपेक्षा मोठा आहे. अशा वेळी ऑपरेटरला झापून काही होत नाही. दुसरी मशीन द्या, हिची दुरुस्ती करा, शंभर टक्के तपासणी लावा, नाहीतर डिझायनरकडे टॉलरन्स वाढवून मागा. हे निर्णय वरच्यांचे आहेत, पण ते बहुतेकदा ऑपरेटरच्या गळ्यात मारले जातात.

मग तो बिचारा प्रत्येक पिसामागे ऑफसेट, म्हणजे मशीनमधलं टूलच्या जागेचं सेटिंग, बदलत बसतो: चार मायक्रॉन वर आला, चार खाली घे. गुणवत्ता-तज्ज्ञ डेमिंग यांनी फनेलमधून खुणेवर गोटी टाकायच्या प्रयोगातून दाखवलं ते हेच. स्थिर प्रोसेसला प्रत्येक चुकीइतकं उलट ढकललं की पसारा कमी होत नाही, सुमारे ४० टक्के वाढतो.

काही ठिकाणी टॉलरन्सच्या ७५ टक्क्यांवर रेषा मारून तिलाच कंट्रोल लिमिट म्हणतात. ती आवळलेली टॉलरन्स आहे. सावधगिरी म्हणून वापरा हवी तर, पण मशीन स्थिर आहे की नाही हे ती सांगत नाही.

खऱ्या कंट्रोल लिमिटही कायमच्या नसतात. स्पिंडलचं बेअरिंग बदललं, रेंज खाली आली, तर जुन्या रेषा सैल पडतात आणि नवा बिघाड त्यांच्या आत लपून बसतो. अशा वेळी पुन्हा २०–२५ सबग्रुप घेऊन नव्या लिमिट काढायच्या आणि कुठल्या तारखेपासून, कशामुळे बदलल्या ते चार्टच्या डोक्यावर लिहायचं. टॉलरन्स बदलायची तर मात्र ड्रॉइंगचं रिव्हिजनच यावं लागतं. तो अधिकार ना इन्स्पेक्टरचा, ना सेटरचा.