देवमाशाचा जबडा ओळखताना: थोडी पार्श्वभूमी

नागपुरात एखाद्या हौशी संग्राहकाच्या पेटीत देवमाशाचा म्हणून जबड्याचा जीवाश्म निघाला, तर आधी विचारायचं ते एवढंच: आणला कुठून? इथला काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, खालचे लमेटा नावाचे गाळाच्या खडकांचे थर त्याहून जुने. एकोणिसाव्या शतकातला मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने नागपूरजवळच्या टाकळीच्या दगडांतून शंख-शिंपले आणि बिया काढल्या. देवमासा तिथे मिळणारच नव्हता, कारण तो पृथ्वीवर अवतरला सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी. असा तुकडा बहुधा कच्छचा असतो. हरुडी, बाबिया डोंगर या भागातले जबडे साहनी आणि मिश्रा या जीवाश्मतज्ज्ञांनी १९७०च्या दशकात अभ्यासले.

ओळखीची मूळ चूक मात्र अमेरिकेतली. १८३४मध्ये रिचर्ड हार्लन या निसर्गशास्त्रज्ञाने लुइझियानातल्या प्रचंड मणक्याला सरपटणारा प्राणी समजून ‘बॅसिलोसॉरस’, म्हणजे ‘राजा सरडा’, म्हटलं. १८३९मध्ये लंडनला शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेनने त्याचे दात पाहिले. दाढांना दोन मुळं होती, म्हणजे प्राणी सस्तन, देवमाशांपैकीच. नाव मात्र आधीचं, म्हणून नामकरणाच्या नियमाने तेच राहिलं!

आजही तपासणी तिथूनच सुरू होते. दात गळालेले असले तरी खोबणी असतात. एकामागे एक जोडीने, मध्ये हाडाचा पातळ पडदा असेल, तर ती दुमुळी दाढ. सगळ्या खोबणी गोल, एकेकट्या असतील तर डॉल्फिन किंवा मगर. मग सांधे बघायचे: मगरीचा खालचा जबडा अनेक हाडांचा, सस्तनाचा दर बाजूला एकच हाड. लांबीवर जाऊ नये; कच्छच्या रेमिंग्टनोसिटस या आद्य देवमाशाचं तोंडही मगरीसारखंच लांबुळकं.

खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, मागच्या टोकाला भोक असतं. पाकिसिटससारख्या आद्य देवमाशांत ते लहान, नंतरच्यांत ऐसपैस. त्यातली चरबी आवाज कानापर्यंत नेते, ही कल्पना केनेथ नॉरिस या शास्त्रज्ञाने १९६४मध्ये मांडली. पण तिथलं हाड पापुद्र्यासारखं, आधी तेच फुटतं. त्यामुळे संग्राहकाकडे बहुतेक वेळा पुढचाच तुकडा उरतो. तेवढ्यावर कुळ सांगता येतं, जात क्वचितच. अपवाद म्हणजे हिमालयासिटस हा आद्य देवमासा: त्याचं १९९८चं वर्णन दोन दाढांच्या तुकड्यावरच उभं आहे.

घरी व्हिनेगरमध्ये बुडवू नये, हाडही झिजतं. फेविक्विक खोबणीत उतरला की मुळांचे ठसे गेले. अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेला पॅरालॉइड बी-७२ हा चिकट पदार्थ बरा, तो परत काढता येतो. चिकटलेली माती खरवडून फेकू नये, तिच्यातल्या सूक्ष्म कवचांवरून थराचं वय निघतं. मोजपट्टी ठेवून चारही बाजूंचे फोटो आणि जागेची नेमकी नोंद घेऊन सेमिनरी हिल्सवरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारावं.