लग्न जमलं? मग आमच्याकडची माहिती मिटवायला सांगा

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या वधू-वर सूचक केंद्रात नाव नोंदवलेल्या सर्व कुटुंबांसाठी

स्थळ नोंदवताना आपण केवढा विश्वास टाकता! जन्मवेळ, गोत्र, पगार, घरचा पत्ता, मुलीचे फोटो. लग्न जमलं की आपले पेढे येतात, पण माहिती आमच्या कॉम्प्युटरमध्ये तशीच राहते. मध्यंतरी एका आईंचा फोन आला, "मुलीचं लग्न होऊन तीन वर्षं झाली, अजून पत्रिका मागणारे फोन येतात. सासरी काय सांगायचं तिनं?" चूक आमची होती. त्यांची माफी मागितली आणि हे पत्रक काढायचं ठरवलं.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातल्या कलम १२ प्रमाणे, संमतीने दिलेली माहिती मिटवायला सांगण्याचा आपल्याला हक्क आहे. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. या हक्काची सक्ती मे २०२७पासून. आम्ही तोवर थांबणार नाही.

नोंदवलेल्या नंबरावरून व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवा. कारण विचारणार नाही, पैसे घेणार नाही, सात दिवसांत काम करू. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नाव वडिलांनी नोंदवलेलं असलं, तरी सज्ञान मुलीच्या माहितीवर हक्क तिचाच. "माझा फोटो काढून टाका" असं तिनं सांगितलं, तर आम्ही घरच्यांची परवानगी मागणार नाही. काहींना हे रुचणार नाही, पण आम्हाला हेच योग्य वाटतं.

फीच्या पावत्या मिटवता येत नाहीत. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. त्यांत फक्त नाव, रक्कम आणि तारीख राहील.

देवास-उज्जैनच्या ज्या घरी आपली पत्रिका आधीच गेली, तिथून ती परत आणणं आमच्या हाती नाही. घरगुती वापरासाठी कुणी ठेवलेल्या माहितीला हा कायदा लागत नाही. त्या घरांना फोन करून ती काढून टाकायची विनंती आम्ही करू. यापुढे आपल्याला विचारल्याशिवाय फोटो कुणालाही पाठवणार नाही.

आमच्याकडून दाद मिळाली नाही, तर मे २०२७पासून डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येते.

कागदी वही या कायद्यात येत नाही. तरीही आपलं पान आम्ही वहीतून काढून ठेवू. सवडीनं येऊन घेऊन जा.