‘कम्प्लीट’ आणि ‘फिनिश्ड’: फरक शब्दकोशात खरंच नाही?

‘कम्प्लीट आणि फिनिश्ड यांतला फरक जगातला कुठलाच शब्दकोश सांगू शकत नाही’, असा एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. पुढे लग्नाचा विनोद असतो. विनोद छान आहे, पण आधीचं विधान खरं नाही.

आधी मराठीतच बघू. पत्त्यांचा जोड मोजला, 52 पानं भरली, तर जोड ‘पूर्ण’ आहे. बिस्किटांचा पुडा मात्र ‘संपला’. पहिल्यात काही कमी नाही, दुसऱ्यात काही उरलं नाही. इंग्रजीतही तसंच. सेट ‘कम्प्लीट’ असतो. कपातला चहा आपण ‘फिनिश’ करतो, ‘कम्प्लीट’ नाही. शिवाय ‘फिनिश ईटिंग’ चालतं, ‘कम्प्लीट ईटिंग’ कानाला खटकतं.

गोंधळ होतो त्यालाही कारण आहे. पूल बांधून झाला की दोन्ही शब्द चालतात, कारण तिथे भागही भरले आणि कामही आटोपलं.

पडताळायचं असेल तर विद्यार्थ्यांसाठीचा कुठलाही चांगला इंग्रजी शब्दकोश उघडा. अर्थापेक्षा खालची उदाहरणं वाचा, आणि एका शब्दाच्या जागी दुसरा घालून बघा.