स्प्राइट शीट : साफसफाई आणि जतन

स्प्राइट शीट म्हणजे व्हिडिओ गेममधल्या एखाद्या पात्राच्या किंवा वस्तूच्या सगळ्या सुट्या चित्रांचा एकत्र मांडलेला तक्ता. मारिओ उभा, धावतानाची त्याची एकेक पावले, उडी, हात वर करून खाली कोसळणे, असे सारे एका पानावर. जुन्या गेममधून ही चित्रे बाहेर काढणे, त्यांवर चढलेला कचरा उतरवणे आणि ती पुढेही वाचता येतील अशी ठेवणे, हा जगभरच्या हौशी मंडळींचा उद्योग आहे. ठाणे आणि नवी मुंबईत नव्वदच्या दशकात ज्यांची मे महिन्याची सुट्टी भाड्याने आणलेल्या व्हिडिओ गेमसमोर गेली, त्यांना ‘स्प्राइट’ म्हटल्यावर आधी थंड पेय आठवते. वस्तू मात्र पाठ असते.

मूळ गेमच्या आत असा तक्ता नसतोच. निन्टेन्डोचे फॅमिकॉम हे यंत्र १९८३ साली जपानमध्ये आले. त्याच्या कॅसेटमध्ये चित्रे ८ बाय ८ पिक्सेलच्या तुकड्यांत साठवलेली असतात. एका तुकड्याला १६ बाइट लागतात. ८ किलोबाइटच्या चित्र-चिपमध्ये असे ५१२ तुकडे बसतात. छोटा मारिओ चार तुकडे जोडून बनतो, मोठा आठ जोडून. उजवीकडे पाहणारे चित्र यंत्रच आरशासारखे उलटवते, म्हणून डावीकडचे वेगळे साठवावे लागत नाही. काटकसर इतकी, की ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधले (१९८५) ढग आणि झुडपे एकाच आकाराची आहेत, फक्त रंग बदललेले. कोणता तुकडा कुठे जोडायचा हे प्रोग्राम ठरवतो. त्यामुळे शीट तयार करणारा माणूस चित्रे नुसती उतरवून घेत नाही, यंत्राच्या डोक्यातली जुळणी तो कागदावर आणतो. त्या काळचे निन्टेन्डोचे चित्रकारही आलेखकागदाच्या चौकटी भरून पात्रे काढत. शीट एका अर्थी त्या कागदाकडे उलटा प्रवास करते.

चित्रे मिळवण्याचे दोन रस्ते. एक म्हणजे कॅसेटमधल्या माहितीची नक्कल, म्हणजे रॉम फाइल, उघडून तुकडे थेट वाचणे. दुसरा म्हणजे इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या संगणक-प्रोग्रामवर, गेम चालवून, मागचे दृश्य बंद करून पडद्याचे चित्र टिपणे. पहिल्यात माहिती शुद्ध मिळते पण विस्कटलेली. दुसऱ्यात जुळणी मिळते पण खोट येऊ शकते. फॅमिकॉम एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट, म्हणजे हलणाऱ्या चित्रांचे तुकडे, दाखवू शकतो. नववा आला की तो गायब होतो, म्हणून अनेक गेम आळीपाळीने वेगवेगळे स्प्राइट गाळतात. हाच तो प्रसिद्ध लुकलुकाट. नेमक्या अशा क्षणी टिपलेल्या चित्रात शत्रूचा हातच नसतो, आणि तो हात नसलेला शत्रू पुढे वर्षानुवर्षे ‘अस्सल’ म्हणून फिरतो. ‘कॉन्ट्रा’ची अमेरिकन आवृत्ती (१९८८) तर पहिल्या रस्त्याला दादच देत नाही. तिच्यात वेगळी चित्र-चिप नाही. चित्रे दाबून प्रोग्रामातच ठेवलेली आहेत. फाइल उघडली तर नुसती खडी दिसते. गेम चालू करून, तुकडे यंत्राच्या स्मृतीत उलगडल्यावरच ते हाती लागतात. याच गेमच्या जपानी आवृत्तीत पहिल्या टप्प्यातली झाडे वाऱ्याने हलतात, अमेरिकन आवृत्तीत ती ठोकळ्यासारखी उभी असतात. शीटवर आवृत्ती लिहिली नसेल तर पुढच्याला हा फरक म्हणजे कुणाची तरी चूक वाटते.

साफसफाईचे खरे काम कचरा ओळखण्यात आहे. सर्वांत जास्त नुकसान जेपेग या प्रकारात चित्र साठवल्याने होते. जेपेगही चित्राचे ८ बाय ८ चे चौकोन पाडते; पण फॅमिकॉमचे चौकोन चित्रासाठी होते आणि जेपेगचे जागा वाचवण्यासाठी, एवढाच काय तो फरक. सपाट लाल रंगाच्या कडेला मातकट ठिपक्यांची धूळ उठते. दुसरा गुन्हेगार म्हणजे चित्र मोठे करताना शेजारच्या पिक्सेलांचे रंग मिसळणे. कडा मऊ होतात, दिसायला बरे वाटते, आणि चित्र संपते. तपासणी सोपी आहे: रंग मोजावेत. फॅमिकॉमच्या एका स्प्राइटला तीन रंग आणि एक पारदर्शक जागा इतकीच मुभा आहे. मारिओच्या शीटमध्ये चाळीस रंग निघाले तर सदतीस बाहेरचे. आकड्याला आंधळेपणाने चिकटूनही चालत नाही. ‘मेगा मॅन’चा चेहरा हा शरीरावर ठेवलेला वेगळा स्प्राइट आहे, त्यामुळे त्याच्यात तीनपेक्षा जास्त रंग असणेच बरोबर. इथे ‘दुरुस्ती’ करणारा तोंडावरून बोळा फिरवतो.

मोठे केलेले चित्र पूर्ण पटीतच लहान करतात, पार्श्वभूमीला पात्रात कुठेही नसलेला एक भडक रंग देतात (बहुधा गुलाबी-जांभळा, तो डोळ्यांत खुपावा म्हणूनच निवडलेला असतो) आणि सर्व चित्रांचे पाय एका रेषेवर आणतात. ही रेषा चुकली की चालताना पात्र उचकी लागल्यासारखे हलते. शेवटी मोजक्या रंगांचा तक्ता असलेल्या पीएनजी फाइलमध्ये, काहीही न गमावता, साठवण.

रंग नेमके कोणते, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. फॅमिकॉम लाल, हिरवा, निळा असे आकडे ठेवत नाही. ६४ क्रमांकांपैकी एक क्रमांक ठेवतो, ज्यांतले सुमारे ५४ रंग वेगळे दिसतात. त्या क्रमांकावरून चिप थेट टीव्हीला जाणारा संदेश तयार करते. म्हणजे मारिओच्या टोपीचा ‘खरा’ लाल कुठेही लिहिलेला नाही. जपानी टीव्हीवर एक लाल, भारतातल्या पाल (PAL) या प्रसारण पद्धतीच्या टीव्हीवर दुसरा, आणि शेजारच्यांच्या टीव्हीवर कान पिळून वाढवलेला तिसरा. पिक्सेलही टीव्हीवर किंचित आडवे पसरत, म्हणून लहानपणीचा मारिओ शीटमधल्यापेक्षा गुटगुटीत आठवतो. शीट ताणून आठवणीशी जुळवायची नसते. पिक्सेल चौरस ठेवावेत, रंगांचे क्रमांक सोबत नोंदवावेत, आणि लाल कोणता ते पाहणाऱ्यावर सोडावे.

ठाणे-नवी मुंबईच्या बाबतीत ‘मूळ’ या शब्दाचीच पंचाईत होते. नौपाड्यात असो की वाशीत, घरोघरी होत्या त्या फॅमिकॉमच्या नकला, आणि त्यांत चालायच्या ६० पिनांच्या नकली कॅसेटी. ‘९९९९ इन १’ अशी पाटी असे, आत मोजकेच गेम वेगवेगळ्या नावांनी पुन्हापुन्हा येत. पहिल्या पडद्यावरून कंपनीचे नाव आणि साल खोडलेले, कधी पात्राचे डोकेच बदललेले. परदेशी हौशी माणूस हे बिघडलेले समजून अधिकृत चित्रांशी जुळवून ‘साफ’ करतो. तसे करू नये. इथल्या मुलांनी पाहिलेला गेम तोच होता; खोडलेली ओळ ही धूळ नव्हे, ती इथली छपाई आहे. अशा शीटवर अधिकृत आवृत्तीचे नाव न टाकता कॅसेटीचे वर्णन आणि तिच्यावरच्या कागदी चित्राचा फोटो जोडणे अधिक उपयोगी.

पार्लरमधले गेम वेगळ्या जातीचे. इथे ‘मुस्तफा’ म्हणून ओळखला जाणारा गेम म्हणजे कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ (१९९३). गेमच्या नावात डायनोसॉर असताना आपल्याकडे मुस्तफा नावाच्या पिवळ्या टोपीच्या एका पात्राने सगळे श्रेय नेले. त्याच्या स्प्राइटला पंधरा रंग आणि पारदर्शक जागा मिळते, तुकडेही १६ बाय १६ चे. पार्लरच्या यंत्रातल्या त्या सर्किट-बोर्डावर ध्वनीच्या प्रोग्रामाची किल्ली एका बॅटरीवर जिवंत असते. बॅटरी संपली की आवाजाचा प्रोग्राम उलगडता येत नाही, चित्रांच्या चिप्स मात्र शाबूत राहतात. मुका मुस्तफाही म्हणून टाकाऊ नव्हे.

खाडीकाठची दमट हवा कॅसेटीच्या पिना काळ्या पाडते. कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची, हा त्या पिढीचा सार्वत्रिक इलाज होता. कॅसेट पुन्हा नीट बसल्याने गेम लागायचा, श्रेय फुंकरीला जायचे, आणि तोंडातली वाफ पिनांवर बसून गंजाला हातभार लावायची. आज आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा वापरतात. कॅसेट सुकल्यावरच यंत्रात घालून नक्कल उतरवतात, दोनदा उतरवतात, आणि दोन्ही नकलांची तपासबेरीज (फाइलमधल्या माहितीवरून काढलेला ओळख-आकडा, चेकसम) जुळली तरच पुढे जातात. ही बेरीज शीटसोबत लिहून ठेवली तर चित्र कोणत्या रॉममधून आले ते पंधरा वर्षांनीही पडताळता येते. पावसाळ्यात कॅसेटी हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतात. पुड्या बहुधा बुटांच्या खोक्यांतूनच आलेल्या असतात.

साफ केलेली शीट ही साफ करणाऱ्याची मालमत्ता होत नाही. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार चित्रकृतीवरचा हक्क निर्मात्याच्या हयातीनंतरही ६० वर्षे टिकतो, त्यामुळे या गेमांची चित्रे अजून हक्कदारांचीच आहेत. शीटच्या कोपऱ्यात आपले नाव मोठ्या अक्षरांत घालण्याची प्रथा या छंदात आहे. कधी ते नाव थेट पात्राच्या पायावर येते, आणि पुढच्या माणसाला साफसफाईची सुरुवात तिथूनच करावी लागते.